रविवार, रात्री साडेआठ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पुढच्या आठवड्यात शिकायला जर्मनीला निघणार, हे तुझ्या आईनं परवा बाजारात सांगितलं. सांगताना तिनं हातातली कोथिंबिरीची जुडी तीनदा पिशवीत घातली आणि तीनदा बाहेर काढली. त्या जुडीसाठीच हे पत्र लिहायला बसलो.

तुझ्या जन्माआधी खानापूरच्या स्टँडजवळ माझं एसटीडी बूथ, म्हणजे पैसे देऊन परगावी फोन लावायचं दुकान, होतं. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून दहापासूनच बाकावर माणसं येऊन बसायची. नजर सगळ्यांची मीटरच्या तांबड्या आकड्यांवर. कुणाच्या घरी फोन नसायचा, मग गावाकडची माणसं माझाच नंबर पीपी, म्हणजे दुसऱ्याकडचा निरोपाचा नंबर, म्हणून मुलांना देत. जांबोटीच्या पुढच्या गावातून एक मावशी दर रविवारी यायची. मुलगा पुण्याला कारखान्यात. तो नऊला फोन करायचा, ही सातलाच हजर. परतीची बस नसायची, म्हणून रात्री नातेवाइकांकडे मुक्काम. एवढं करून बोलणं तीन मिनिटांचं, त्यातही ‘जेवलास काय?’ दोनदा.

एका रविवारी फोन आलाच नाही. साडेअकराला मी शटर ओढायला लागलो तेव्हा ती उठली. म्हणाली, ‘लाइन लागली नसंल.’ पुढच्या रविवारी पुन्हा सातला हजर. वार ठरलेला होता, म्हणून तिला धीर होता. आठवडाभर ती काळजी करत बसली नाही.

तुझ्या आईच्या हातात आता फोन आहे, पण तू कधी करशील हे माहीत नसेल तर ती दिवसभर तो पदराखाली घेऊन हिंडेल. म्हणून पहिलं काम हे कर: वार आणि वेळ ठरव. तुमच्या घरात रेंज फक्त माडीच्या खिडकीशी येते. वेळ माहीत असली की आजीला हाताला धरून आधीच वर नेता येईल. इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे आत्ता तिथले संध्याकाळचे पाच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासाने मागे जातात, मग साडेतीनचा फरक साडेचार तासांचा होतो. त्या दिवसापासून तू चारला फोन करायचास. पाचलाच करत राहिलास तर इथे साडेनऊ वाजतील आणि आजी झोपलेली असेल. पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरही बसतो. अशा वेळी फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला कर, हेही आधीच ठरवून ठेव.

व्हिडिओवर नुसतं तोंड दाखवू नकोस. आईला तुझी खोली बघायची असते. शेगडी दाखव, भाताचं पातेलं दाखव, खिडकीतून रस्ता दाखव. ‘सगळं ठीक आहे’ असं दहादा सांगितलंस तरी तिला पटणार नाही, उतू गेलेला भात दिसला की पटेल.

निघण्याआधी आजीच्या फोनची भाषा मराठी करून दे, अक्षरं मोठी कर. दुकानदारानं तो इंग्रजीत लावून दिलाय आणि ती आकड्यांवर अंदाजानं बोट ठेवते. तूही देवनागरीत लिही. रोमन अक्षरातलं तुझं मराठी तिला वाचता येत नाही, आणि ते ती कुणाला सांगणारही नाही.

घरातल्यांनाच माहीत असेल असा एक शब्द ठरवा. हल्ली हुबेहूब मुलाचा आवाज काढून ‘अडकलोय, पैसे पाठव’ म्हणणारे फोन येतात. शब्द सांगता आला नाही तर फोन ठेवायचा. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करायचा. हा नंबर भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लिहून ठेव.

मित्रांचं वेगळं. तुझा शाळेतला जोडीदार मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, त्याची पोस्टिंग कुठे ते विचारू नकोस. आवाजी निरोप पाठवत जा, त्याला सवड मिळेल तेव्हा ऐकेल. महिनाभर उत्तर आलं नाही म्हणून रुसू नकोस, पुढचा निरोप पाठव. दुबईला गेलेल्या मित्राला व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही, तिथे त्यावरच्या कॉलवर बंदी आहे. तिथे चालणारं ॲप त्याला विचारून आत्ताच घालून घे.

आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा आजीला हातानं लिहिलेलं पत्र टाक. ती ते उशीखाली ठेवील, आल्यागेल्याला वाचायला लावील.

तू पोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी रात्री साडेआठला मीही तुमच्या माडीवर येऊन बसतो. आधी आजीशी बोल, मग आईशी. माझ्याशी शेवटी, वेळ उरला तर.

तुझा
काका