साहेल : बंड, बंदुका आणि गुरांच्या वाटा

प्रश्न : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पसरलेल्या साहेल पट्ट्यातील माली, बुर्किना फासो आणि नायजर या देशांत २०२० ते २०२३ या काळात लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा अनेकांनी रस्त्यावर येऊन जल्लोष केला. लोकशाही गेल्याचा आनंद कसा होऊ शकतो? (एक वाचक)

उत्तर : तो आनंद, माझ्या मते, लोकशाही गेल्याचा नव्हता, गावांचे रक्षण करू न शकलेले सत्ताधारी गेल्याचा होता. २०१२ मध्ये उत्तर मालीत पेटलेला आणि पुढे जिहादी गटांच्या हाती गेलेला सशस्त्र उठाव शेजारी देशांत पसरला आणि २०१३ पासून तेथे उतरलेल्या फ्रेंच फौजेलाही तो आवरता आला नाही.

मात्र या संघर्षाचे मूळ केवळ धर्मात शोधणे अपुरे ठरेल. आपल्याकडे सुगी उरकल्यावर धनगर शेतात मेंढ्या बसवतो आणि लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी त्याला धान्य किंवा पैसे देतो. साहेलमधील फुलानी पशुपालक आणि शेतकरी यांच्यातही पिढ्यान्‌पिढ्या असाच व्यवहार चालत आला. लोकसंख्या वाढली (नायजरमध्ये निम्मी माणसे साधारण पंधरा वर्षांखालची आहेत), गुरांच्या वाटांवर नांगर फिरला, पाऊस बेभरवशाचा झाला आणि बांधावरचे भांडण निःपक्षपणे मिटवणारे कोणी उरले नाही, तेव्हा हाती बंदूक देणारे गट तेथे पोहोचले.

लष्करी राजवटींनी फ्रेंच सैन्याला घालवून रशियाचा हात धरला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिन्ही देश ‘एकोवास’ या प्रादेशिक संघटनेतून बाहेर पडले. हिंसा मात्र थांबलेली नाही, आणि बाजारात चालतो तो अजूनही फ्रेंच वसाहतकाळात सुरू झालेला, युरोशी दर बांधलेला सीएफए फ्रँक (तिथले चलन) हाच.