सहासष्टची नोव्हा आणि काउंटरपलीकडचा म्हातारा

तुमचे प्रश्न दोन. एक, गाडी जास्त पळवणारे स्पीड पार्ट आज घरबसल्या मिळतात, तरी हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या बदलून पळवणारे, म्हातारे ‘जुनी स्पीड शॉप’ (असे पार्ट विकणारं दुकान) म्हटलं की हळवे का होतात? आणि दोन, मुलाकडे लॉस एंजेलिसला येताय तर त्यातलं काही अजून बघायला मिळेल का? दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. पहिल्याला वेळ लागेल, कारण त्यासाठी मला माझी फजिती सांगावी लागणार.

मी मूळचा कोल्हापूरचा. हात बसला तो उद्यमनगरातल्या लेथवर. १९७४ मध्ये थोरल्या मेहुण्यांनी बोलावून घेतलं आणि इथे लॉस एंजेलिसजवळ गार्डिनात एका मशीन शॉपला चिकटलो. काम विमानांच्या सुट्या भागांचं. वर्षभरात पैसे साठवून जुनी गाडी घेतली : १९६६ ची शेव्ही नोव्हा, आठ सिलिंडरचं २८३ घनइंची इंजिन, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. बिचारी गुणी गाडी होती. पण सोमवारी सकाळी शॉपमधली पोरं आपापल्या गाडीत काय काय टाकलं याच्या बढाया मारायची, आणि मी गप्प. मलाही खुमखुमी आली.

एका मोठ्या साखळी दुकानात सेल होता. नाव नको. तिथून ८५० सीएफएमचं कार्ब्युरेटर आणि यादीतला सगळ्यात जहाल कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) उचलला. काउंटरवरच्या पोराने पैसे मोजून घेतले, पिशवी दिली, पुढच्याला बोलावलं. गाडी कुठली, इंजिन केवढं, गिअर कसले, एका अक्षराने विचारलं नाही. दोन शनिवार-रविवार गॅरेजमध्ये पालथा पडून मी ते बसवलं. आवाज काय सुरेख यायचा! उभ्या गाडीचं बॉनेट डुगडुगायचं. पण गिअर टाकला की इंजिन बंद. स्लो वाढवून मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर नेला तर गिअर टाकताना गाडी लाथ बसल्यासारखी पुढे उडायची. सिग्नलला दोन्ही पायांची कसरत. एवढं करून पिकअप आधीपेक्षा कमी, आणि पेट्रोल मात्र ढसाढसा प्यायची.

शॉपमधला एक मेक्सिकन फोरमन हसून हसून बेजार झाला आणि मग त्याने एका स्पीड शॉपचा पत्ता दिला. रस्त्याकडेला बुटकी विटांची इमारत, पुढे दुकान, मागे मशीन. काचेच्या कपाटात कॅमशाफ्ट आडवे मांडलेले, भिंतीवर अॅल्युमिनियमची हेड टांगलेली, आणि काउंटरपुढे गिऱ्हाइकांनी बसून बसून रेक्झिन फाटलेली तीन स्टुलं. आत पाऊल टाकलं आणि नाकात कटिंग ऑइलचा तोच वास शिरला जो उद्यमनगरात सकाळी शटर वर करताना यायचा. दीड वर्षात पहिल्यांदा घरची आठवण आली, ती अशी.

काउंटरमागे साठीचा म्हातारा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली आणि तपकिरी कागदी पिशवीवर लिहिलं : २८३ गुणिले ६०००, भागिले ३४५६. उत्तर आलं ४९१.

हे गणित समजून घ्या, आजही उपयोगी आहे. सीएफएम म्हणजे कार्ब्युरेटरमधून मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ शकते तो आकडा. एका घनफुटात १७२८ घनइंच. फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर हवा ओढतं, म्हणून दुप्पट, ३४५६. म्हणजे माझं इंजिन सहा हजार फेऱ्यांवर अगदी काठोकाठ भरलं तरी त्याला ४९१ घनफूट हवा पुरे, आणि काठोकाठ कधी भरत नाही. म्हाताऱ्याने त्याखाली पंच्याऐंशी टक्के धरून ४१७ लिहिलं, त्याला गोल केला, आणि शेजारी माझं ८५० लिहून पिशवी माझ्याकडे सरकवली. बोलला काहीच नाही. भोक एवढं मोठं असलं की हवेला वेग राहत नाही, वेग नाही तर पेट्रोल नीट ओढलं जात नाही. मी लेथवर इंचाचा हजारावा भाग मापणारा माणूस, आणि हे साधं गणित मांडायचं मला सुचलं नव्हतं.

मग कॅम. जहाल कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वरच्या फेऱ्यांवर त्याचा फायदा, खाली मात्र इंजिन अर्धमेलं. त्यात पॉवरग्लाइडचा मूळचा कन्व्हर्टर (क्लचच्या जागी इंजिन आणि गिअर जोडणारा भाग) कमी फेऱ्यांवरच गाडी ओढू लागतो, म्हणून गिअर टाकला की गळा दाबल्यासारखं व्हायचं. “मूळचा कॅम आहे ना? तोच परत टाक.” मी म्हटलं, आहे. “टॅपेट काढलेल्या क्रमाने ठेवलेस?” टॅपेट म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले दट्टे. मी ते सोळाच्या सोळा एका पिशवीत कोंबले होते. त्याने डोळे मिटून घेतले. त्या इंजिनात प्रत्येक टॅपेट कॅमवरच्या आपापल्या उंचवट्यावर, लोबवर, घासून त्याच्याशी जुळलेला असतो. एकाचा दुसऱ्यावर बसवला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. माझा मूळचा कॅम त्या पिशवीपायी भंगारात गेला.

शेवटी त्याने मला सौम्य कॅम, नवे टॅपेट आणि कुणीतरी परत केलेलं ६०० चं जुनं कार्ब्युरेटर दिलं. मला हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप) आणि कार्ब्युरेटरखालचा नवा मॅनिफोल्डही हवा होता, खिशात पैसे होते. “घेऊ नकोस. आधी महिनाभर ही चालव.” जाताना ताकीद : नवा कॅम चालू केल्यावर वीस मिनिटं दोन हजारांच्या खाली येऊ द्यायचं नाही, नाहीतर तेल लोबवर उडत नाही आणि कॅम पहिल्याच दिवशी मरतो.

गिऱ्हाइकाच्या हातात पैसे असताना ‘घेऊ नकोस’ म्हणणारा माणूस. म्हातारे हळवे होतात ते याच्यासाठी, पार्टसाठी नाही. पुढची आठ-नऊ वर्षं मी शनिवारी त्या फाटक्या स्टुलावर असायचो, आणि जे काही शिकलो ते तिथे.

हे धंदे इथेच का उगवले, तेही तिथेच कळलं. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात मुरॉक, एल मिराज असे सुकलेले तलाव आहेत, परातीसारखे सपाट. १९३० च्या दशकापासून पोरं तिथे गाड्या पळवत. त्यांच्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. पाऊस जवळपास नाही, त्यामुळे जुने पत्रे गंजत नाहीत. शिवाय गावभर विमानांचे कारखाने, म्हणजे घरटी एखादा टर्नर नाहीतर फिटर. आणि १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडणारं आठ सिलिंडरचं इंजिन बाजारात आणलं, २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. भंगारात स्वस्तात मिळू लागल्यावर पोरांना रान मोकळं.

हे इंजिन म्हणजे फ्लॅटहेड. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला. हेड म्हणजे नुसतं झाकण. फाउंड्रीच्या गावचा असल्याने मला त्याच्या ओतकामाचं फार कौतुक. पण त्यात एक खोट होती. जळलेला वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या वाटेजवळून फिरून बाहेर पडायचा, आणि मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड. त्यामुळे ते तापायचं. ‘उकळत नाही तो फ्लॅटहेड नाही’ असं आमचा म्हातारा म्हणायचा. स्पीड शॉपचा अर्धा धंदा या एका इंजिनाच्या खोडी सुधारण्यावर उभा राहिला : जास्त कॉम्प्रेशनची अॅल्युमिनियम हेड, दोन-तीन कार्ब्युरेटरचे मॅनिफोल्ड, घासलेले कॅम, मर्क्युरीचा लांब स्ट्रोकचा क्रँक. मर्क्युरीच्या २३९ घनइंची ब्लॉकला ३⅜ इंच बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ४⅛ स्ट्रोक (पिस्टनची चाल) केला की २९६ होतात. ‘२९६’ एवढं म्हटलं तरी जाणत्याला कळायचं.

व्हिक एडेलब्रॉकचा स्लिंगशॉट मॅनिफोल्ड त्यातलाच, त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग ९७. हा ९७ आकडा कार्ब्युरेटरच्या अंगावर ओतीवातच उठवलेला असतो. आतली घशाची अरुंद जागा ०.९७ इंच, म्हणून. जुन्या ढिगातून तो आकडा अंगठ्याने चाचपून ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत.

सगळ्यात जुन्या दुकानांत बेल ऑटो पार्ट्सचं नाव घेतात. जॉर्ज वाइटने बेल नावाच्या गावात १९२० च्या दशकात काढलेलं. तो गेल्यावर १९४५ मध्ये रॉय रिक्टरने घेतलं. तुमच्या नातवाच्या सायकल हेल्मेटवर ‘बेल’ लिहिलेलं असेल तर ते नाव याच दुकानातून आलंय. रिक्टरने १९५४ मध्ये रेसिंगचं हेल्मेट आणलं. १९६४ ची क्रेगर एसएस चाकंही त्याचीच.

आणि सो-कॅल स्पीड शॉप. अॅलेक्स झिडियास १९४६ च्या मार्चमध्ये सैन्यातून सुटला आणि लगेच बरबँकमध्ये दुकान उघडलं. युद्धात विमानाच्या पंखाखाली लावायच्या इंधनाच्या जादा टाक्या सरकारी भंगारात स्वस्त मिळत. थेंबाच्या आकाराची टाकी, हवा कापत जाणारी. बिल बर्कने आधी पी-५१ विमानाची वापरली, मग मोठी पी-३८ ची. झिडियासने तशाच टाकीत फ्लॅटहेड कोंबून १९५२ मध्ये युटातल्या बोनेव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैल गाठले. साइड व्हॉल्व्हच्या इंजिनावर! दुकान मात्र १९६१ मध्ये बंद पडलं. ते नाव पुढे पीट शपूरिसने पुन्हा उभं केलं. झिडियास २०२४ मध्ये गेला, १०२ वर्षांचा होऊन.

मला जवळचा वाटतो तो कॅम बनवणारा एड इस्केंडेरियन. आर्मेनियन घरातला पोरगा. युद्धानंतर कॅमसाठी एवढी थांबाथांब की त्याने साधं सिलिंड्रिकल ग्राइंडर घेऊन त्यावरच कॅम घासायची जोडणी केली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उद्यमनगर दिसलं. मशीन नाही? मग आहे त्याचंच कर. दुकानाच्या जाहिरातीचे टी-शर्ट वाटायची टूमही त्याचीच.

हे सगळं देशभर पसरलं ते टपालाने. १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसनने ‘हॉट रॉड’ मासिक काढलं, पंचवीस सेंटला. मग टेनेसीतला ऑनेस्ट चार्ली, नेब्रास्कातला ‘स्पीडी’ बिल स्मिथ, यांची कॅटलॉग शेतावरच्या पोरांपर्यंत पोचली. गंमत अशी की पुढे याच कॅटलॉगांनी कोपऱ्यावरची दुकानं खाल्ली. एकटा कॅटलॉग दोषी नाही म्हणा. १९५५ मध्ये शेव्हीचं नवं २६५ घनइंची इंजिन आलं आणि फ्लॅटहेडवर पोट असलेल्यांना रातोरात नवे साचे करावे लागले. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून कंपन्या स्वतःच पळणाऱ्या गाड्या विकू लागल्या. १९७० नंतर प्रदूषणाचे कायदे. कॅलिफोर्नियात तर धुराशी संबंध येणाऱ्या पार्टला सरकारी मंजुरीचा नंबर लागतो. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर तपासणी माफ आहे, म्हणून माझी नोव्हा सुटते. हो, अजून आहे. ते ६०० चं कार्ब्युरेटरही.

आमचं ते दुकान १९८० च्या दशकात बंद झालं. म्हाताऱ्याच्या मुलांना जागेचे पैसे जास्त दिसले. मी राग धरत नाही, माझी पोरं तरी कुठे लेथवर उभी राहिली?

आता तुमचा दुसरा प्रश्न. सांता फे स्प्रिंग्जला नॉरवॉक बुलेवार्डवर डीन मूनचं दुकान अजून चालू आहे. दोन डोळ्यांचं चिन्ह लांबूनच दिसतं. मून १९८७ मध्ये गेला, नंतर जपानच्या शिगे सुगानुमाने ते सांभाळलं. कॅरोल शेल्बीच्या कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या गाडीत फोर्डचं इंजिन १९६२ मध्ये मूनच्याच दुकानात बसवलं होतं. पोमोनाला वॉली पार्क्सच्या नावाचं एनएचआरए (हॉट रॉडवाल्यांची राष्ट्रीय संघटना) संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा. विल्शायर बुलेवार्डवरचं पीटरसन संग्रहालय चकचकीत आहे, सूनबाईंना तेच आवडेल.

पण खरं बघायचं असेल तर पोमोनाचा स्वॅप मीट, जुन्या गाड्या आणि पार्टचा बाजार. वर्षातून काही ठरावीक रविवारीच भरतो, तारीख आधी बघून घ्या. आपल्या जुन्या बाजाराची दहापट आवृत्ती. पहाटे पाचला या, टॉर्च आणि रोख पैसे घेऊन. आठनंतर चांगला माल उरत नाही. मी साधारण कार्ब्युरेटरांच्या ढिगांपाशी असतो, डोक्यावर गांधी टोपी, उन्हासाठी.