चप्पलच्या दुकानाची वेबसाइट एक जण ८ हजारात करतो म्हणतोय, दुसरा ४५ हजार सांगतोय. एवढा फरक कशाचा?

भावा, तू लिहिलंयस की वडिलांचं कोल्हापूरच्या चप्पल लाइनला (चपलांच्या बाजारात) कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, तुला ऑनलाइन विकायचंय, दोन कोटेशन हातात आहेत आणि वडील म्हणतायत की ४५ हजारात दुकानाचं फर्निचर नवीन होतंय. वडिलांचं काही चूक नाही, एवढं आधीच सांगतो. मी इथंच राजारामपुरीत बसून वेबसाइट करायचंच काम करतोय, ११ वर्षं झाली, गिऱ्हाईक सगळं असलंच, चटणी-मसालावाले, गूळवाले, गुजरीतले दोन सराफ, हुपरीचे एक चांदीवाले, उद्यमनगरातले पार्टवाले. म्हणजे माझं उत्तर पण धंदेवाल्याचंच उत्तर आहे, तेवढं धरून वाच.

८ हजारवाला फसवतोय असं समजू नको. तो काय करणार, एक होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेणार, त्यावर वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) टाकणार, विक्रीसाठी वूकॉमर्स टाकणार (ते फुकटच मिळतंय), एक रेडीमेड थीम म्हणजे तयार डिझाइन लावणार, तुझा लोगो, वर महाद्वार रोडचा किंवा अंबाबाईच्या देवळाचा एक मोठा फोटो, आणि झालं, दोन दिवसाचं काम. दोन दिवसाला ८ हजार काय वाईट नाहीत. गंमत अशी की ४५ वाला पण हेच करू शकतो आणि वर कस्टम, म्हणजे खास तुझ्यासाठी केलेलं, म्हणून बोर्ड लावू शकतो. त्यामुळं आकड्यावरून काही कळत नाही. मला विचारशील तर मी एकच बघतो, दोघांपैकी कोण तुझ्या दुकानात येऊन तासभर बसला का? बसला नसेल तर दोघांचं कोटेशन सारखंच.

का ते सांगतो. मी पहिल्यांदा चप्पलवाल्याचं काम घेतलं तेव्हा मी पण तेच केलं, साइज म्हणून एक ड्रॉपडाऊन (दाबलं की उघडणारी यादी), ६ ते १०, निवडा आणि कार्टमध्ये टाका. पहिल्या २० ऑर्डरीत ७ जोड परत. मालक मला फोनवर म्हणाले, अहो तुमच्या त्या मशीनला पाय दिसतोय का? आणि बरोबरच होतं त्यांचं. हातानं केलेल्या मालात एका कारागिराचा ८ आणि दुसऱ्याचा ८ एक नसतोय, कापशी प्रकारची चप्पल वेगळी बसते, कुरुंदवाडी वेगळी, नवीन कातडं अंगठ्यात आवळतं आणि मग चार दिवसांनी सैल होतं. तुझे वडील दुकानात काय करतात ते आठव. नंबर विचारतच नाहीत. पाय पुढं घ्या म्हणतात, पायाकडं एकदा बघतात, मागच्या फळीवरनं बरोबर जोड काढतात, घालायला लावतात, पट्टा जरा ठोकून देतात आणि म्हणतात दोन दिवस घाला, बसतंय पायात. हे सगळं वेबसाइटवर कुणीतरी करायला पाहिजे की नाही? ड्रॉपडाऊन ते करत नाही.

मग आम्ही काय केलं तर मी आणि मालकांचा भाचा स्टीलची पट्टी घेऊन दोन दिवस गोडाऊनमध्ये बसलो आणि प्रत्येक डिझाइनच्या प्रत्येक नंबरचा तळ आतून मोजला, सेंटिमीटरमध्ये. साइटवर नंबर काढून टाकला. त्याऐवजी सांगितलं की भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, मोजा, तो आकडा इथं टाका, आणि खाली एक प्रश्न, पाय रुंद आहे का, हो की नाही. आकडा टाकला की साइटच जोड सुचवते. ज्यांना मोजायचा कंटाळा त्यांनी कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपला टाकायचा. हे करायला तीन आठवडे गेले, त्यातलं कोडचं काम मोजून चार दिवसाचं, बाकी सगळं मोजणं, चुकणं आणि मालकांना पटवणं. त्यानंतर महिन्याला एखादा-दुसरा जोड परत यायचा. कस्टम म्हणतात ते हे. बाकी रंग आणि फॉन्ट बदलायला कस्टम म्हणायचं म्हणजे शर्टाची बटणं बदलून शर्ट शिवला म्हणण्यासारखं आहे.

दुसरं खोक्याचं. हे मला वाटतं कुणीच तुला सांगितलं नसणार. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, तो आकडा किलोत धरतात आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. तुमचा दुकानातला नेहमीचा खोका साधारण ३२ बाय २० बाय ११ असेल तर ते ७०४० होतं, म्हणजे १.४ किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दीड किलोचे पैसे. आत जोड ८०० ग्रॅमचा! तळाला तळ लावून बांधला आणि ३० बाय १४ बाय ९ चा खोका करून घेतला तर पाऊण किलोच्या आसपास बसतं, एक किलोत काम होतं. लक्ष्मीपुरीत चौकशी कर, खोका करून देणारे आहेत. हे वेबसाइटचं काम नाही असं म्हणशील, पण शिपिंगचा दर साइटवर मीच टाकणार ना, आणि तो चुकला की प्रत्येक जोडामागं तुझ्या खिशातनं जातात.

पैशाचं पण तसंच. पेमेंट गेटवेचा (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन तुझ्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीचा) दर साधारण २ टक्के धर आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. १८०० चा जोड गेला तर ३६ रुपये अधिक साडेसहा, म्हणजे ४२-४३ रुपये गेले. ठीक आहे, ते परवडतंय. परवडत नाही ती कॅश ऑन डिलिव्हरी. माणूस रात्री ११ ला गादीवर पडून ऑर्डर करतो, पार्सल पाचव्या दिवशी दारात येतं तेव्हा म्हणतो मी कुठं मागवलंय, आणि ते दिल्लीहून परत कोल्हापूरला येतं, जाण्याचं भाडं तुझं, येण्याचं पण तुझं, आणि जोड पार दबून आलेला. बंद करू नको एकदम, कारण आपल्याकडं अजून लोकांना बघून पैसे द्यायची सवय आहे, पण २०० रुपये आधी घ्यायचे आणि बाकीचे दारात असं लावून घे. २०० भरलेला माणूस सहसा पार्सल परत पाठवत नाही.

गेटवे चालू करायला पॅन, बँकेचं खातं, जीएसटी नसेल तर उद्यम म्हणजे लहान धंद्याच्या नोंदणीचं सर्टिफिकेट असलं काय काय मागतात (उद्यम सरकारी साइटवर फुकट निघतं, कुणी हजार मागितले तर देऊ नको). आणि साइटवर रिफंड, शिपिंग, प्रायव्हसी, पत्ता-फोन ही पानं असल्याशिवाय मंजूर करत नाहीत. ही पानं सगळे कुठनं तरी चिकटवतात. माझ्याकडं एक चटणीवाले आले होते दुरुस्तीला, त्यांच्या जुन्या साइटवर लिहिलेलं की वाद झाल्यास जयपूरच्या कोर्टात चालेल. साहेब आयुष्यात जयपूरला गेले नव्हते. चप्पल परत किती दिवसात घेणार, घातलेली घेणार का, मापाचा बदल फुकट करणार का, हे वडिलांबरोबर बसून चार ओळीत ठरव आणि साध्या मराठीत लिही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा म्हटलं की जीएसटी नोंदणीचा नियम वेगळा लागतो, हस्तकलेच्या काही मालाला त्यात सवलत आहे, ते सीएला विचारून घे, वेबसाइटवाल्याला नको.

आता जिथं मी स्वतः तोंडावर पडलो ते सांगतो. त्या चटणीवाल्यांची नवीन साइट मी केली, दिसायला नाद खुळा, मुंबईच्या मित्रानं पण विचारलं कुणी केली म्हणून. दोन आठवडे ऑर्डर नाही. मालकीणबाईंचा फोन, अहो दादा, एक पण ऑर्डर नाही आली. मी उघडून बघतोय तर ९ ऑर्डरी पडलेल्या, पैसे भरलेल्या, आणि पुण्याच्या एका काकूंनी तीन वेळा मेल केलेला, शेवटचा तर पार भांडणाचा. ऑर्डर ईमेलवर जात होती आणि तो ईमेल त्यांच्या मुलानं फोन घेताना काढलेला, कुणी कधी उघडलाच नव्हता. माझीच चूक, मी विचारलंच नव्हतं की तुमच्याकडं ईमेल कोण बघतं. आता पहिल्या दिवशी विचारतो, ऑर्डर आली की कुणाच्या फोनवर वाजली पाहिजे, आणि तो माणूस जेवायला गेला तर दुसरा कोण.

डोमेनचं तर लिहूनच ठेव कुठंतरी. डोमेन म्हणजे नाव, वर्षाला हजाराच्या आसपास लागतात, ते तुझ्या किंवा वडिलांच्या नावावर, तुझ्या ईमेलवर, तुझ्या कार्डनं घ्यायचं. वेबसाइटवाल्याला वापरायला द्यायचं, मालकी नाही. एका गूळवाल्यांचं नाव आधीच्या माणसानं स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं, नंतर तो कुठं गेला पत्ता नाही, फोन बंद, मुदत संपली. डॉट कॉमची मुदत संपली की लगेच जात नाही, सोडवायला थोडे दिवस मिळतात, पण ज्याच्या खात्यावर आहे त्यालाच मिळतात. शेवटी नाव गेलं, आणि ५ हजार खोकी त्या नावानं छापून पडलेली. मी आणि त्यांच्या पोरांनी बसून स्टिकर लावलेत त्यावर.

मराठीत साइट करणार असशील (कर, तुझं निम्मं गिऱ्हाईक मराठीच असणार) तर मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप करतो त्यात) टाइप करून दे. लोक पॅम्प्लेट छापलेल्याकडनं फाइल आणतात, ती जुन्या डीटीपीच्या (छपाईच्या) फॉन्टातली असते, साइटवर टाकली की सगळी भुतं दिसतात, मग मी परत टाइप करतो आणि त्याचे पैसे लावतो. फॉन्ट मुक्ता किंवा बलू घे, फुकट आहेत आणि मोबाइलवर स्वच्छ दिसतात. आणि डिझायनरनं अक्षरात जागा सोडून स्टायलिश केलं तर बघ, इंग्रजीत चालतं ते, आपल्याकडं शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

एक चाचणी दोघांना घे. म्हण की मला साइटच्या वरच्या पट्टीत एक ओळ स्वतः बदलता आली पाहिजे, तुम्हाला फोन न करता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ हायवे बंद, कुरिअर बंद, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी अडकलेल्या आणि मी रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकेकाच्या साइटवर तीच ओळ टाकत बसलेलो, पुरामुळं पार्सलला उशीर होईल. त्या दिवसापासून मी ही ओळ मालकाच्या हातात देतो.

जीआयचं (हा माल याच भागातला, अशा सरकारी नोंदीचं) पण विचारलंयस. कोल्हापुरी चप्पलला जीआय २०१९ मध्ये मिळालाय, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. पण तो शिक्का साइटवर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, नुसतं कोल्हापुरात दुकान असून चालत नाही. ती करून घे, लिडकॉमकडं (राज्याच्या चामडे उद्योगाच्या महामंडळाकडं) चौकशी कर. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली तेव्हा मला महिनाभर फोन येत होते, आमची पण साइट करा, लवकर करा म्हणून. त्यातल्या निम्म्यांकडं फोटो पण नव्हते.

तर मी तुझ्या जागी असतो तर आत्ता दोघांनाही थांबवलं असतं. व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग कर, गूगलवर दुकानाची नोंद नीट कर, दोन्ही फुकट, आणि तीन महिने तसंच विक. आठवड्याला चार-पाच पार्सलं बाहेर जायला लागली की मग साइट. तेव्हा तुला स्वतःलाच कळलेलं असेल काय पाहिजे ते, आणि ८ हजारवाल्याला पण नीट सांगून १५-२० हजारात चांगलं काम करून घेता येतंय. ४५ वाल्याकडून फोड लिहून घे, कशाचे किती, आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती मागणार ते पण, कारण खरा आकडा तिथं असतो. पैसे तीन हप्त्यात, शेवटचा हप्ता पहिली खरी ऑर्डर पोचल्यावर.

फोटोचं काम मात्र आजपासूनच सुरू कर. ट्यूबलाइटखाली काढू नको, कातड्याचा रंग हिरवट येतो. सकाळी ९-१० ला दुकानाच्या पायरीवर, सावलीत, खाली साधं खाकी कापड. एका जोडाचे चार फोटो, वरनं, बाजूनं, तळाचा, आणि एक पायात घातलेला, वडिलांच्याच पायात काढ. फोनमधनं निघालेला फोटो ४-५ एमबीचा असतो, साइटवर टाकायच्या आधी तो दीडशे-दोनशे केबीपर्यंत आणावा लागतो, पण ते नंतर, मूळ फोटो पुसू नको.