कोचची नोकरी नंतर, आधी शाळेतली जागा

तुमच्या भाचीने काइनेसिऑलॉजीची (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राची) पदवी घेतली आहे, ती कॉलेजच्या संघातून व्हॉलीबॉल खेळली आहे, आणि अमेरिकेत हायस्कूल कोच व्हायचं म्हणून 'हेड कोच'च्या जाहिरातींना अर्ज करते आहे, पण कुठूनच उत्तर नाही. तिच्या लायकीबद्दल मला शंका नाही. तिचा पत्ता तेवढा चुकलाय.

तिथल्या सरकारी हायस्कुलांत कोचिंग ही बहुधा स्वतंत्र नोकरी नसते. शाळेतलाच एखादा शिक्षक ते काम करतो आणि पगाराशिवाय त्याला सीझनचा स्टायपेंड, म्हणजे ठरावीक मानधन, मिळतो. टेक्सासमध्ये तर यूआयएलच्या (तिथल्या शालेय स्पर्धांच्या संघटनेच्या) नियमाने फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांचे कोच स्कूल डिस्ट्रिक्टचे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे) पूर्णवेळ कर्मचारी असावे लागतात. कॅलिफोर्नियात याउलट बाहेरून येणारे 'वॉक-ऑन' कोच बरेच असतात. म्हणून राज्याच्या हायस्कूल असोसिएशनचे (शालेय खेळ चालवणाऱ्या संघटनेचे) नियम तिने सगळ्यात आधी वाचावेत. शिकवण्याचं लायसन्स मिळवायची तयारी असेल तर उत्तमच. नसेल तर सबस्टिट्यूट (बदली) टीचर किंवा पॅराप्रोफेशनल (वर्गातला मदतनीस) म्हणून शाळेत शिरता येतं. रोज दिसणारा माणूस ॲथलेटिक डायरेक्टरला (शाळेच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाला) आधी आठवतो, आणि कोच निवडण्यात या डायरेक्टरचाच शब्द मोठा असतो.

सुरुवात फ्रेशमन (नववीच्या) किंवा जेव्ही (शाळेच्या मुख्य संघाखालच्या) संघाच्या असिस्टंटपासून करावी. यात कमीपणा अजिबात नाही. मुलींचं व्हॉलीबॉल बहुतेक राज्यांत फॉल सीझनमध्ये (शरद ऋतूत) असतं आणि ट्रायआउट (संघाची निवड चाचणी) ऑगस्टमध्ये होतात. हेड कोचच्या जागा आधीचा सीझन संपल्यावर भरायला लागतात, पण असिस्टंट ऐनवेळी सोडून जातात, त्यामुळे उन्हाळ्यात अचानक जागा निघतात. जाहिरातीची वाट न पाहता तिने वसंतातच जवळपासच्या शाळांच्या ॲथलेटिक डायरेक्टरना थेट, छोटा ईमेल लिहावा.

त्या ईमेलमध्ये तिच्या खेळातल्या विक्रमांपेक्षा कागदपत्रांना जास्त वजन आहे. सीपीआर-एईडी (हृदय बंद पडल्यास करायचे उपचार) आणि फर्स्ट एड यांचं प्रशिक्षण, एनएफएचएसचा (हायस्कूल असोसिएशनांच्या राष्ट्रीय संघटनेचा) 'फंडामेंटल्स ऑफ कोचिंग' हा ऑनलाइन कोर्स, आणि त्यांचाच कन्कशनवरचा (डोक्याला मार लागून मेंदूला होणाऱ्या इजेवरचा) मोफत कोर्स आत्ताच करून टाकावा. डोक्याच्या दुखापतीबद्दल शाळा फार काटेकोर असतात, आणि ते योग्यच आहे. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लायस्टेट १३ वर्षांचा असताना फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागूनही पुन्हा मैदानात उतरला आणि मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावाचा कायदा २००९ साली झाला आणि पुढे सगळ्याच राज्यांनी असे नियम केले. बोटांचे ठसे आणि बॅकग्राउंड चेक शाळा नेमणुकीच्या वेळी करून घेते.

आणखी एक वाट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही: रेफरी होणं. रेफरींची चणचण आहे, थोडे पैसेही मिळतात, आणि एका सीझनमध्ये परिसरातले बरेच कोच ओळखीचे होतात.

भाची एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर, ओपीटीवर (पदवीच्या विषयात काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीवर) असेल तर काम पदवीच्या विषयाशी निगडित असावं लागतं. होकार देण्याआधी तिने कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला जरूर विचारावं.

मुलाखतीला जाताना दोन तासांच्या सरावाचा आराखडा लिहून न्यावा: वीस मुली, एकच कोर्ट, त्यातल्या काहींनी चेंडूला हातही न लावलेला. 'माझ्या मुलीला खेळवत का नाही' असं विचारणाऱ्या पालकाला काय सांगाल, हा प्रश्न बहुधा येतोच, त्याचं उत्तरही तयार ठेवावं. तिचं राज्य कळवलंत तर तिथल्या असोसिएशनचे नियम मी तिच्याबरोबर बसून वाचेन.