टॉवेलच्या एफडीतून बॉक्स्टर?

प्रश्न: वय ४६. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. सगळा खर्च जाऊन महिन्याला दीड लाख घरी नेतो. पुण्यात एका डीलरकडे पोर्शे बॉक्स्टर बघितली. मार्च २००८ ची, चंदेरी, २.७ लिटर, ६१ हजार किलोमीटर, मुंबई पासिंग. २४ लाख सांगतोय. म्युच्युअल फंडात ३४ लाख आहेत. त्यातले २० लाख काढीन (त्यात नफा ९ लाख), बाकी ४ लाख युनिटच्या ९ लाखांच्या एफडीतून. घरकर्ज ११ लाख बाकी, मुलगी अकरावीत. मेंटेनन्स महिना आठ हजार धरलाय. क्लासिक गाडीची किंमत पडत नाही म्हणतात. डीलर रविवारपर्यंत ५० हजार टोकन मागतोय. घरी अजून बोललो नाही. घेऊ का?

उत्तर: वीस वर्षं मागांचा खडखडाट ऐकणाऱ्या माणसाला सहा सिलिंडरचा आवाज आवडावा, यात नवल नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते आधी मोजून घ्यावं. तेव्हा आधी तुमच्या त्या आठ हजारांचं बघू.

हा आकडा घरच्या रोजच्या गाडीच्या अनुभवातून आलेला दिसतोय. बॉक्स्टरचं गणित वेगळं आहे. वर्षाला तीन हजार किलोमीटर आणि लिटरला सात किलोमीटर धरले, तर १०५ रुपयांच्या भावाने पेट्रोलचे ४५ हजार होतात. ही सगळ्यात स्वस्त बाब. १५०० सीसीवरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये. पूर्ण विमा आणि जीएसटी मिळून मी ४५ हजार धरतो. सर्व्हिसला गाडी पुण्या-मुंबईकडेच न्यावी लागणार, कधी चालवत तर कधी ट्रकवर घालून. त्याचे ७५ हजार. टायर झिजायच्या आधीच आपल्या उन्हाने कडक होतात, म्हणून पाच वर्षांनी सेट बदलायचा. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही. वर्षाचे २४ हजार. बॅटरी, कूलंटचे होज, रबरी सील, कापडी छताची डागडुजी यांना ५० हजार. यातले बरेच आकडे माझा अंदाज आहेत, पण मी हात आखडता ठेवूनच धरलेत.

एक खर्च मात्र डीलर तुम्हाला सांगणार नाही. मार्च २०२३ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा या गाडीची नोंदणी पाच वर्षांनी वाढवली गेली असणार. (असणार म्हणतोय. आरसी हातात घेऊन बघा.) म्हणजे पुढचं नूतनीकरण मार्च २०२८ ला, गाडी वीस वर्षांची होताना. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढवली. साध्या मोटारीला १० हजार, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. पर्यावरण कर त्याशिवाय. पाच वर्षांत वाटले तरी वर्षाला १६ हजार झाले.

बेरीज २ लाख ५५ हजार. महिन्याला २१ हजारांच्या वर, किलोमीटरला ८५ रुपये. तुळजापूरला दर्शनाला जाऊन आलात की साडेसात हजार. तुम्ही वर्षाला १८ लाख घरी नेता, त्यामुळे हा खर्च तुम्हाला झेपणार नाही असं मी म्हणणार नाही. झेपेल. माझी भीती या अडीच लाखांची नाही.

भीती आहे ती एकदम येणाऱ्या खर्चाची. या पिढीच्या बॉक्स्टरच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे आतल्या एका फिरत्या दांड्याचं, एक बेअरिंग असतं. ते फुटलं तर धातूचा चुरा तेलाबरोबर सगळ्या इंजिनात फिरतो आणि इंजिन जवळजवळ निकामी होतं. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्स उतरवून हे बेअरिंग बदलता येतं. साधारण २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण पूर्ण इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात कंपनीने हा प्रकारच काढून टाकला. तुमची गाडी नेमकी त्या आधीची. बेअरिंग जाण्याची शक्यता कमी आहे असं डीलर म्हणेल, आणि ते खरंही असेल. पण गेलंच तर माझ्या अंदाजाने बिल आठ-दहा लाखांपर्यंतही जाईल, आणि विमा कंपनी त्यातला एक रुपया देणार नाही. अपघात आणि चोरी पॉलिसीत येते, झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही.

आता तुमच्या पत्रातलं दुसरं वाक्य. (वर छापलं नाही, पण तुम्ही लिहिलंय.) ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा एक ऑर्डर दोन महिने अडकली आणि कामगारांचा आठवड्याचा पगार याच एफडीतून झाला. मग ती एफडी तुमची बचत नाहीच. तो युनिटचा श्वास आहे. सूत महागलं, व्यापाऱ्याने पैसे लांबवले, वाईंडिंग मशीन बसलं, की हात तिथेच जातो. त्यातले चार लाख आज गाडीला गेले, उरलेल्या पाचांवर युनिट आणि बेअरिंग दोघांचाही डोळा. दोघंही सांगून येत नाहीत, आणि दोघं एकाच महिन्यात आले तर तुम्ही सोनं तारण ठेवायला निघाल. खर्च पेलण्याची ताकद तुमच्यात आहे, पण अचानक येणारे दोन धक्के एकाच पिशवीवर टांगू नका. एफडीला हात लावायचा नाही. यात मी तडजोड करणार नाही.

फंडाचे वीस लाख? (फंड इक्विटीचे आणि वर्षावर जुने धरतो.) नऊ लाख नफ्यातून सव्वा लाख वजा जाता पावणेआठ लाखांवर साडेबारा टक्के कर आणि सेस, म्हणजे सुमारे एक लाख. काढायचेच झाले तर अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये काढा. सव्वा लाखांची सूट दोन्ही वर्षांत मिळते आणि साधारण सोळा हजार वाचतात. पण त्या ३४ मध्ये मुलीचं शिक्षण आहे. दोन वर्षांत ती कॉलेजला जाणार, त्यासाठी किमान १५ लाख बाजूला धरा. उरले १९. त्यातून कराचे एक लाख आणि बिघाडासाठी निदान सहा लाख काढले की गाडीला बारा लाख उरतात. २४ लाखांची गाडी त्यात बसत नाही.

‘किंमत पडत नाही’ हे निवडक गाड्यांबाबत खरं आहे. पण भाव टिकणं आणि गिऱ्हाईक मिळणं या वेगळ्या गोष्टी. सोलापुरात ही विकायला काढलीत तर लोक फोटो काढायला येतील. ‘क्लासिक’ शब्दाला सरकारदरबारी अर्थही नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी, त्यासाठी तुम्हाला २०५८ ची वाट बघावी लागेल. करात एक बरं आहे. स्वतःच्या वापराची मोटार भांडवली मालमत्ता धरत नाहीत, नफ्यात विकलीत तर कर नाही. तोटा झाला तर तोही कुठे वजा करता येत नाही.

युनिटच्या नावावर घ्या असंही कोणीतरी सुचवेल. मोटारीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (वजावट) मिळत नाही आणि घसारा धंद्याच्या वापरापुरताच. दोन सीटच्या गाडीतून टॉवेलचे गठ्ठे जातात, हे अधिकाऱ्यासमोर सांगायची पाळी आणू नका.

मग काय करायचं? पुढच्या महिन्यापासून २१ हजार ‘गाडी’ नावाने आवर्ती ठेवीत टाका, जणू ती दारात उभी आहे. दोन वर्षं. मंदीच्या महिन्यात एखादा हप्ता चुकला तर उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. नाही चुकला, तर बिघाडाची पाच-साडेपाच लाखांची पिशवी आपोआप तयार होते, फंडातले सहा लाख राखावे लागत नाहीत आणि गाडीला अठरा लाख मोकळे होतात. तेवढ्यात बसणारी चांगली बॉक्स्टर मिळाली तर मी अडवणार नाही. थोडे जास्त साठवून २००९ नंतरची मिळाली तर उत्तम. तोवर मुलीचा प्रवेशही झालेला असेल.

तरीही हीच हवी असेल, तर डीलरशी संबंध नसलेल्या कार्यशाळेत तपासून घ्या. वीस-पंचवीस हजार गेले तरी चालतील. ऑइल फिल्टर कापून आत चमकणारा चुरा आहे का ते बघायला सांगा, आणि कॅमेरा घालून सिलिंडर. या गाडीत पुढचं बॉनेट उघडलं तर सामानाची जागा निघते. इंजिन सीटमागे दडलेलं, नुसतं बघून काही कळत नाही. रेडिएटर मात्र पुढच्या बंपरच्या तोंडाशी आहेत, तिथे पाला साचून ते गंजतात. युनिटमध्ये उभी केलीत तर कापसाचे तंतूही साचतील. धुण्याबद्दल मी काय सांगू, आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तुम्हाला माहीत आहे.

राहिलं घरचं. चंदेरी बॉक्स्टर सात रस्त्यावरून एकदा गेली की संध्याकाळपर्यंत वहिनींना कळणार. शेजारणीकडून कळण्याआधी वरचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा, अडीच लाखांच्या बेरजेसकट. रविवारच्या आत टोकन देऊ नका. द्यायचंच ठरलं तर ‘तपासणीत दोष निघाल्यास पूर्ण परत’ असं पावतीवर लिहून घ्या, आणि रोख नाही, खात्यातून द्या.