कामठी की बुटीबोरी, हे नंतर. आधी बाबांची पॉलिसी

नागपूरच्या मनीषनगरात भाड्याने राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं. वय ३७, नोकरी मिहानमध्ये (विमानतळाजवळचा औद्योगिक भाग), हातात ७२ हजार. पत्नी सदरमधल्या शाळेत शिकवतात, त्यांचे २४ हजार. मुलगी चौथीत. घरभाडं १५ हजार. शहरात मनासारखा टू बीएचके परवडत नाही म्हणून बाहेर पडायचं दोघांनी ठरवलंय आणि तीन पर्याय काढलेत: बुटीबोरीत ३० लाखांचा फ्लॅट, कामठी रोडला ४२ लाखांचा, नाहीतर वर्ध्याला वडिलांच्या घरावर १४ लाखांत मजला चढवून रोजचं अपडाऊन. प्रश्न एवढाच, की तिन्हींतलं कोणतं?

पत्राच्या शेवटी जाता जाता चार ओळी होत्या. "डाऊन पेमेंटची काळजी नाही, बाबांचे २२ लाख आहेत. त्यातले ५ लाख मागच्या महिन्यात बँकेने गॅरंटीच्या स्कीममध्ये टाकून दिले, ५ वर्षांत डबल होतील. उरलेल्यातले १० लाख घराला लावू. त्या स्कीममध्ये माझा ५० लाखांचा विमापण आहे."

हे वाचल्यावर मी घराचा विषय बाजूला ठेवला आणि त्याच संध्याकाळी त्यांना फोन लावला. पॉलिसीच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवला. मग वर्ध्याला बाबांशीही बोललो.

बाबा एका खाजगी कारखान्यात फिटर होते. ५८व्या वर्षी निवृत्त झाले, आता ६१ चालू आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून जे आले ते एफडीत ठेवलं होतं. मुदत संपली म्हणून पासबुक घेऊन रिन्यू करायला गेले. तिथल्या अधिकाऱ्याने चहा पाजला, चार ठिकाणी सह्या घेतल्या. बाबा मला म्हणाले, "साहेब म्हने, कंपनीचा फोन येईन, इचारतील त्याले हो म्हनजा. मले वाटलं एफडीच होय."

आता कागद काय सांगतात ते ऐका. हप्ता ५ लाख, दरवर्षी. हप्ते भरायची मुदत १० वर्षं. पॉलिसीची मुदत १५ वर्षं. म्हणजे जो माणूस एकदाच ५ लाख ठेवून आलो असं समजतोय, त्याच्याकडून एकूण ५० लाख भरण्याची कबुली घेतली आहे. प्रस्ताव अर्जात व्यवसायापुढे 'स्वयंरोजगार' लिहिलंय, वार्षिक उत्पन्न १५ लाख. बाबांची ईपीएसची, म्हणजे पीएफसोबत मिळणारी पेन्शन महिन्याला ३,१०० रुपये आहे. सही मराठीत, वरचा सगळा मजकूर इंग्रजीत, आणि खाली 'अर्जदाराला त्यांच्या भाषेत समजावून सांगितले' असं लिहून त्याच शाखेतल्या माणसाची सही. हे सगळं मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची इच्छा झाली नाही.

पाच वर्षांत दुप्पट व्हायचं तर वर्षाला जवळपास १५ टक्के लागतात. अशी गॅरंटी कोणतीही बँक देत नाही, कोणतीही विमा कंपनी देत नाही. जो तोंडी देतो त्याला सांगा, लेटरहेडवर लिहून सही कर. या पॉलिसीत कागदावर काय लिहिलंय? दहा वर्षं पाच-पाच लाख भरा, पंधराव्या वर्षाच्या शेवटी ८० लाख घ्या. ५० चे ८० म्हटलं की आकडा मोठा वाटतो, पण हिशेब मांडला तर परतावा वर्षाला साडेचार टक्के. साधी एफडी याहून जास्त देते. आणि हा साडेचार तरी कोणाला? दहाही हप्ते भरणाऱ्याला. बाबांच्या २२ लाखांत चार हप्ते निघतात, पाचव्या वर्षी खातं रिकामं. मध्येच थांबलात तर सरेंडरचे जे हातात येतील ते भरलेल्यापेक्षा कमीच.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण माझ्या उत्तराचा मोठा भाग याच्यावरच जाणार आहे, कारण इथे दिवस मोजून आहेत. विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. थोड्या दिवसांच्या विम्याचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च एवढं कापून बाकी सगळं परत मिळतं. पाच लाखांतले काही हजार जातील, बाकी वाचतील. आपण फोनवर बोललो तेव्हा तुमचा सतरावा दिवस होता. ई-पॉलिसी ईमेलवर कुरियरच्या आधी येऊन पडलेली असते आणि तीच तारीख धरली जाऊ शकते, म्हणून तेवढेही दिवस हातात आहेत असं मानू नका.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाखेत गेलात, तेव्हा तुम्हाला सांगण्यात आलं, "अर्ज ठेवून जा, मी वर पाठवतो." हे वाक्य मी पंधरा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. अर्ज टेबलावर पडून राहतो, एकतिसावा दिवस उजाडतो आणि मग "आता तर मुदत गेली काका" असं उत्तर येतं. तेव्हा अर्ज बँकेत ठेवू नका. विमा कंपनीच्या नागपूरच्या शाखेत बाबांना घेऊन स्वतः जा. अर्जावर 'फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करणे' एवढं स्पष्ट लिहा, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तोच अर्ज त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार विभागाला बाबांच्या ईमेलवरून पाठवा. मन वळवायला फोन येतील: पुढच्या वर्षी हप्ता कमी करून देतो, दुसरी चांगली स्कीम देतो. एकच उत्तर द्या, पैसे परत हवेत.

कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करा. महिनाभरात कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. उत्पन्न खोटं लिहिलेला तो अर्ज हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. जपून ठेवा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही थोडी कडू आहे. बँकेतल्या माणसाने बाबांच्या पैशावर डोळा ठेवला हे खरंच. पण त्यातलेच १० लाख घराला लावायचं तुम्हीही ठरवून बसलात. तुमचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल मला शंका नाही. तरी हिशेब बघा. वर्ध्याला आई-बाबांचा खर्च महिन्याला १४ हजार, असं तुम्हीच सांगितलंत. त्यांच्याकडे ३,१०० ची पेन्शन आणि हे २२ लाख, एवढंच आहे. हे पैसे म्हणजे त्यांचा पुढच्या पंचवीस वर्षांचा पगार आहे.

पाच लाख परत आले की २० लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या व्याज ८.२ टक्के, मुदत ५ वर्षं, मर्यादा ३० लाख. वर्षाला १ लाख ६४ हजार, म्हणजे दर तिमाहीला ४१ हजार बाबांच्या खात्यात. महिन्याला पडतात साडेतेरा हजारांच्या वर, पेन्शन धरून पावणेसतरा हजार. खर्च भागून पावणेतीन हजार उरतात. व्याजातून आधीच कर (टीडीएस) कापू नये म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये पोस्टात फॉर्म भरून द्यायचा, तेवढी आठवण ठेवा. राहिलेले २ लाख एफडीत, दवाखान्यासाठी. नॉमिनी म्हणून आईचं नाव लावा.

तुमच्या योजनेप्रमाणे त्यातले १० लाख फ्लॅटला गेले आणि ५ लाख पॉलिसीत अडकले, तर उरलेल्या ७ लाखांवर महिन्याला पावणेपाच हजार व्याज. पेन्शन धरली तरी आठ हजारांच्या आत. उरलेले सहा हजार बाबा कोणाकडे मागतील? मागणार नाहीत. औषधाची गोळी अर्धी करतील. मी अशी घरं पाहिली आहेत.

आणि आज पुरतंय म्हणून नेहमी पुरेल असंही नाही. महागाई ६ टक्के धरली तर आजचे १४ हजार दहा वर्षांनी २५ हजार होतात. तेव्हा तुम्हाला दरमहा आठ-नऊ हजार घालावे लागतील. तुमचा घराचा हप्ता किती असावा, हे त्या दिवसाकडे बघून ठरवा.

पॉलिसीसोबत तुमचा ५० लाखांचा विमाही जाईल. जाऊ द्या. तो रद्द होण्याआधी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, काढा. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास लागतील. आई-बाबांची आरोग्य विमा पॉलिसी तुमच्या पगारातून. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, एवढा दिलासा आहे.

आता घर. वर्धा आधी काढून टाकतो. नोकरी नागपूर स्टेशनच्या आसपास असती तर विचार केला असता. कितीतरी लोक वर्षानुवर्षं पास काढून वर्धा-नागपूर करतात. पण तुमचं ऑफिस मिहानला आहे. एक्सप्रेस गाड्या खापरीला थांबत नाहीत. म्हणजे अजनी किंवा नागपूरपर्यंत पुढे जायचं आणि मेट्रोने पुन्हा खापरीकडे मागे यायचं. दिवसाचे चार तास यात जातील, आणि शाळेची वेळ सांभाळून मॅडमना हे जमणारच नाही. त्यांची नोकरी सुटली तर १४ लाखांचा स्वस्त मजला वर्षाला तीन लाखांना पडेल.

बुटीबोरी तुम्हाला सोयीची, मिहानपासून पंधराएक किलोमीटर. पण मॅडमना सदर ३० च्या वर. दोघांच्या दोन गाड्या, महिन्याला सव्वादोन हजार किलोमीटर. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग धरून किलोमीटरला साडेतीन रुपये लावा, आठ हजार झाले. फ्लॅटमध्ये वाचवलेले पैसे रस्त्यावर जातात. शिवाय बिल्डर सांगतोय की मेट्रो आली की भाव दुप्पट. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात बुटीबोरी आहे आणि कामठीवरून कन्हानही आहे. हे बिल्डरलाही ठाऊक आहे, म्हणून येणाऱ्या स्टेशनाची किंमत त्याने आजच लावलेली असते. मिहानच्या नावाने वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंनी पडलेले लेआऊट आठवा. त्यात पैसे घालून अडकलेली माणसं तुमच्याही नात्यात असतील. दुपटीची आशा हिशेबातून काढा आणि राहायला घर म्हणून ते परवडतंय का, तेवढंच बघा. बुटीबोरीच्या आजूबाजूच्या मौजांत ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर उभ्या राहिलेल्या स्कीमही विकल्या जातात. मंजूर नकाशा एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे का आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाचा, नोंदणी नंबर आहे का, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.

माझा कौल कामठी रोडला. मॅडमना सदर जवळ पडतं. तुम्ही ऑटोमोटिव्ह चौकात गाडी लावली की तिथून खापरीपर्यंत एकच मेट्रो, मध्ये बदलायची नाही. अंतर तुमचंच जास्त आहे, पण ते बसून कापायचं आहे.

पण आज विकत घेऊ नका. तुमच्या खात्यात आज १ लाख ८० हजार आहेत, तो सहा महिन्यांचा आधारही नाही, त्याला हात लावायचा नाही. महिन्याला २५ हजार बाजूला पडतात. गाडीचा ११ हजारांचा हप्ता १४ महिन्यांत संपतो, मग ३६ हजार. तीन वर्षांत साधारण ११ लाख ४० हजार, वर व्याज. ४२ लाखांच्या फ्लॅटचे २० टक्के म्हणजे ८ लाख ४० हजार, वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे तीनेक लाख. बरोब्बर जमतं. मॅडमच्या नावावर घेतलात तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलतही आहे. कर्ज ३३ लाख ६० हजार, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता २९ हजारांच्या आसपास. भाव थोडे वाढतील, पगारही वाढेल.

तोपर्यंत कामठी रोडला ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून बघा. जानेवारीत सगळीच अपडाऊन सोपी वाटते. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारची शाळा सोडून मॅडम घरी कशा पोहोचतात, पावसाळ्यात ऑटोमोटिव्ह चौकात गाडी कुठे उभी राहते, मुलीची शाळा बदलावी लागते का, हे तिथे राहिल्यावरच कळेल.

अर्जावरच्या शिक्क्याचा फोटो मला पाठवा. तारीख नीट वाचता आली पाहिजे.