‘कार्यकारणभाव’ की ‘कारणता’?

प्रश्न असा आहे: मूलकणांना सर्वत्र पसरलेल्या क्षेत्रांची स्पंदनं मानणाऱ्या क्वांटम क्षेत्र सिद्धांतातल्या ‘मायक्रोकॉझॅलिटी’ला मराठीत ‘सूक्ष्म कार्यकारणभाव’ म्हणावं की ‘सूक्ष्म कारणता’?

माझा कौल ‘कारणते’ला. ‘कार्यकारणभाव’ म्हटलं की कार्य कोणतं आणि कारण कोणतं हे ठरलेलं असतं. धूर आणि अग्नी यांच्यात असतो तसा तो संबंध. मायक्रोकॉझॅलिटीची अट यांपैकी कशाकडेच बोट दाखवत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की दोन घटनांमधलं अंतर त्यांच्या मधल्या वेळात प्रकाशालाही कापता येत नसेल, तर तिथली मोजमापं क्रमनिरपेक्ष असतात. बेरजेच्या संदर्भात शाळेत शिकलेलाच हा शब्द! आधी हे मोजा की ते, निष्कर्ष तोच. (इलेक्ट्रॉनसारख्या ‘फर्मिऑन’ कणांच्या क्षेत्रांचा क्रम बदलला की चिन्ह बदलतं; पण मोजता येणाऱ्या राशींत ही क्षेत्रं सम संख्येने येतात, त्यामुळे अट टिकते.)

मग यात ‘कारण’ आलं कुठून? अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायदर्शनाच्या प्राथमिक ग्रंथात कारणाचं लक्षण आहे ‘कार्यनियतपूर्ववृत्ति’, म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असणारं. आता सूर्यावर एक घटना घडली आणि ५ मिनिटांनी पृथ्वीवर दुसरी. प्रकाशाला हे अंतर कापायला ८ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून पुरेशा वेगाने जाणाऱ्या एखाद्या निरीक्षकाच्या हिशोबात पृथ्वीवरची घटना आधीची ठरते. ‘पूर्व’ कोणतं हेच नियत राहिलं नाही! जिथे असं होतं, तिथे एकीकडच्या कृतीने दुसरीकडची मोजमापं बदलू नयेत, हीच ती अट. न्यायदर्शनातल्या ‘नियत’चा अर्थ ‘दरवेळी’, इथे तो ‘प्रत्येक निरीक्षकासाठी’ असा घ्यावा लागतो. मला हे साम्य फार मोलाचं वाटतं.

पण प्रकाशशंकूच्या आत, म्हणजे मधलं अंतर प्रकाशाला त्या वेळात कापता येतं अशा घटनांमध्ये, ही अट परिणामाची फक्त वाट मोकळी ठेवते. पूर्वत्व नियत आहे म्हणून कारणत्व सिद्ध होत नाही. घटासाठी माती वाहून आणणारं गाढव आधी असूनही नैयायिक त्याला कारण मानत नाहीत. ‘कार्यकारणभाव’ नको तो यासाठीच. तसंच, निर्वात अवस्थेतही, म्हणजे एकही कण नसताना, दूरदूरच्या बिंदूंवरच्या क्षेत्रांत सहसंबंध असतो, पण त्यातून संदेश पाठवता येत नाही. त्यासाठी ‘सहसंबंध’ हाच शब्द ठेवावा.

राहिला ‘सूक्ष्म’. तो कारणाचं विशेषण नाही. बिंदू एकमेकांच्या कितीही जवळ असले तरी अट लागू आहे, एवढंच तो सांगतो.